विद्यापीठ दाखवायला नेलेली पोरगी

(बाभुळगावपासून तीन कोसांवरचं खेडं, १९६१ चा मे महिना. सदाशिवरावांच्या घराचं माजघर. थोरली मुलगी विमल शेवया वळते आहे. धाकटी लीला काल संध्याकाळीच वडिलांसोबत नागपूरहून परतली आहे.)

लीला : ...दार उघडलं अन् पाहते तर नुसती पुस्तकंच पुस्तकं, ताई! जमिनीपासून पार आढ्यापर्यंत. वरची काढायला शिडी लावतात.

विमल : आमी शिडी लावतो ते छपरावरचे कवेलू फेराले. हे घे, पीठ मळ. जीभ चालते तसे हातबी चालव.

लीला : तू ऐकतच नाहीस.

विमल : ऐकून राह्यली ना. डोळा एकच असला तरी कान दोन हायेत माहे.

लीला : पुन्हा तेच! मी त्यावरून काही म्हटलं का?

विमल : नाही म्हटलं. सांग पुढं. पन शाळा-कॉलेजाले तं सुट्ट्या हायेत. तुमच्यासाठी उघडलं कोनी?

लीला : सुट्ट्याच आहेत. एवढं मोठं विद्यापीठ, पण चिटपाखरू नव्हतं. बाबांची तिथं ओळख निघाली. गावंडे म्हणून आहेत, ग्रंथालयात काम करतात. त्यांनी किल्ली आणून सगळं उघडून दाखवलं. इतिहासाची पुस्तकं दाखवली, एम.ए.चा वर्ग दाखवला. मी पहिल्या बाकावर बसूनसुद्धा पाहिलं. ते म्हणाले, जुलैत या, तुमचं कार्ड मी स्वतः करून ठेवतो.

विमल : कसा हाये?

लीला : वर्ग? मोठा आहे. खिडक्या पूर्वेला...

विमल : वर्ग नाही वं. तो गावंडे.

लीला : चांगला आहे की. तिशीचा असेल.

विमल : उंच हाये?

लीला : बाबांपेक्षा जरासा.

विमल : अन् दात?

लीला : दात? त्याच्या दातांशी तुला काय करायचं?

विमल : असंच. बोलते कसा? वसकन् अंगावर येते, का मऊ हाये?

लीला : मऊ. पुस्तकांतला माणूस, तो काय ओरडणार! मला बसायला स्टूल दिला, तोसुद्धा स्वतःच्या रुमालानं पुसून.

विमल : सोताच्या रुमालानं.

लीला : हो. पण मला खरं नवल बाबांचं वाटतं. बी.ए. होऊन वर्ष झालं. वर्षभर मी नागपूरचं नाव काढलं की बाबा जेवणावरून उठायचे. अन् परवा आपणहून म्हणतात, चल, अर्ज भरायच्या आधी एकदा विद्यापीठ पाहून घे, न पाहता बैल कोणी घेते का?

विमल : खरं हाये. न पाहता बैल कोनीच घेत नाही.

लीला : अर्ज घेऊनच आले मी. रात्रीच भरून काढला. तीस जूनच्या आत पाठवायचा. आता फक्त पालकाची सही राहिली, ती आज करतो म्हणालेत. ताई, दोन वर्षं ग! दोन वर्षांनी मी कुठल्या तरी कॉलेजात शिकवत असेन. मग तुला इथून घेऊन जाईन बघ. हे शेण नाही, माती नाही, काही हाताला लागू देणार नाही.

विमल : मंग माह्या हाताले काय लागन?

लीला : तू आराम करशील.

विमल : हौ. तुह्या घरी, कोपऱ्यात बसून. तुहे पाव्हने आले का आतल्या खोलीत जाऊन. आराम.

लीला : तुझ्याशी चांगलं बोलायचीही सोय नाही.

विमल : बरं, राह्यलं. दोन वर्सं राहाशीन कुठं तिथं?

लीला : मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या मोठ्या बाईसुद्धा भेटल्या.

विमल : कोनत्या बाई?

लीला : वसतिगृहाच्या. म्हातारीशी आहे, नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू. आवारात कडुनिंबाखाली बसल्या होत्या. बाबा कानात म्हणाले, ह्या बाई विचारतील त्याची नीट उत्तरं दे, उलट बोलू नको, सगळं यांच्याच हातात आहे. माझी तर बोबडीच वळली. पण मायाळू निघाल्या.

विमल : काय काय इचारलं?

लीला : पहाटे जाग येते का, भाकरी थापता येते का, मोठं दुखणं कधी झालं का. मी मनात म्हटलं, तिथं मुलींना पाळीपाळीनं स्वयंपाक करावा लागत असेल. मग मला पायऱ्या चढायला लावल्या, दम लागतो का ते पाहायला. दंडावरच्या देवी टोचल्याच्या खुणा पाहिल्या, बोट फिरवून.

विमल : अन् डोळे?

लीला : डोळे तर किती वेळ! समोर भिंतीवर फलक होता, बारीक अक्षरांत नियम लिहिलेले. म्हणाल्या, एक डोळा झाक अन् वाच. वाचला. आता दुसरा झाक अन् वाच. तोही वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. त्या गावंड्यांकडे पाहून त्यांनी मान हलवली. झालं, मी म्हटलं, डॉक्टरची तपासणी पण इथंच उरकली.

विमल : दोन्ही डोळ्यांनी वाचला.

लीला : दोन्ही डोळ्यांनी.

विमल : अन् पेढा कोनी भरवला? मायनं, का पोरानं?

लीला : बाईंनीच. म्हणाल्या, आता तू आमचीच... थांब. पेढ्याचं मी तुला सांगितलंच नाही.

विमल : पानी घाल पिठात. घट्ट झालं.

लीला : ताई, पेढ्याचं तुला कोणी सांगितलं?

विमल : पेढा भरवल्याबिगर पोरगी पसंत केली असं कोनी म्हनते का?

लीला : कोणती पोरगी?

विमल : इतकं शिकली तू, यवतमाळात चार वर्सं राह्यली, अन् कडुनिंबाखाली बसलेली सासू तुले ओळखू आली नाही. ते कोनत्याबी वसतिगृहाची बाई नाही. गावंडेची माय हाये.

लीला : म्हणजे बाबांनी मला विद्यापीठ दाखवायला नेलंच नव्हतं. त्यांना मला दाखवायला नेलं होतं.

विमल : आता समजलं.

लीला : अन् मी मूर्खासारखी पायऱ्या चढले! ताई, सांगून ठेवते, पेढा काय, सोन्याचा तुकडा भरवला तरी मी बोहल्यावर उभी राहणार नाही. मला लग्न करायचं नाही!

विमल : तुले कोन उभं करून राह्यलं? लगन तुहं नाही, बह्याड. माहं हाये.

लीला : तुझं?

विमल : येत्या सोमवारी. ह्या शेवया कायच्या वाटल्या तुले?

लीला : पण त्यांनी तर मला पाहिलं!

विमल : पाह्यलं तुले, नेतीन मले. आजपावतर किती घरी झालं असं. अंतरपाटामागं कोन उभी हाये ते अक्षता पडल्यावर समजते.

लीला : अन् गाव? गावात कोणी बोलणार नाही?

विमल : गावाची पोरगी उजवून राह्यली म्हटल्यावर गाव तोंड उघडत नाही. उलट वरातीपावतर पोहोचवून देते.

लीला : त्यांना तुझ्या डोळ्याचं काहीच माहीत नाही?

विमल : कानावर गेलतं त्याइच्या. सदाशिवरावच्या एका पोरीचा डोळा देवीनं गेला म्हनून. तवाच तं तुले डोळा झाकून वाचाले लावलं. बाबानं सांगतलं, होती तशी एक, ते मेली.

लीला : मेली?

विमल : दोन वर्सं झाले मले मरून. पटकीनं गेली म्हने मी. आता सदाशिवरावले एकच पोरगी. पत्रिकेत विमल, घरी लीला म्हनतेत.

लीला : शी! बाबा इतक्या खालच्या थराला गेले? माझा बाप असा आहे? थांब, मी आत्ता जाऊन जाब विचारते त्यांना.

विमल : बस खाली. बाबाच्या डोक्यात हे कुठून येईन? पेरनीच्या पलीकडं काही सुचते का त्याइले? हे मी सांगतलं.

लीला : तू?

विमल : मी. गावंडेच्या मायचं पत्र आलं, पोरगी पाहाची हाये. बाबा ते पत्र घेऊन ओसरीवर रडत बसलते. अन् तिकडून तुही कटकट, नागपूर, नागपूर, नागपूर. मी म्हटलं, कायले रडता? तिले घेऊन जा. तिले वाटन आपुन कॉलेज पाहून राह्यलो, त्याइले वाटन आपुन पोरगी पाहून राह्यलो. त्याइले सांगा म्हटलं, पोरगी लाजाळू हाये, तिच्यासमोर लग्नाचं नाव काढू नका.

लीला : मला सांगायचंस तरी!

विमल : सांगतलं असतं तर गेली असती?

लीला : नाही.

विमल : मंग?

लीला : त्या माणसानं तुझं काय बिघडवलं, ताई? रुमालानं स्टूल पुसून देणारा माणूस तो.

विमल : काहीच नाही बिघडवलं. अन् मी कोनाचं काय बिघडवलं होतं? टोचनारा गावात आला तवा आपल्या मायनं मले कनगीत लपवलं. ज्वारीत मानेपावतर बुडवून. माहं लेकरू रडन म्हने. चार महिन्यानं देवी आल्या, डोळा घेऊन गेल्या. मंग तू झाली. तुले कडेवर घेऊन बाबा पायी बाभुळगावले गेले, अन् टोचून आनलं. त्या खुणावर काल बोट फिरवून पाह्यलं ना तिनं? त्या खुणा माह्या डोळ्याच्या बदल्यात हायेत.

लीला : मी मागितल्या नव्हत्या.

विमल : मीबी कनगी मागतली नव्हती.

लीला : अन् घरी गेल्यावर पदर वर होईल, तेव्हा? मारतील तुला.

विमल : मारतीन. महिनाभर मारतीन. मानसाचा हात थकते, लीले, भूक थकत नाही. भाकर तं मीच थापीन ना तिथं?

लीला : परत आणून टाकतील.

विमल : नागपुरात चार लोकात बसनारा मानूस तो. मले कानी बायको देऊन फसवलं असं सांगत फिरन का? लाजेनं चूप बसन. तेबी इचार केला मी.

लीला : किती दुष्ट झालीस ग तू!

विमल : झाली नाही, होतीच. तू सुट्टीपुरती घरी येत होती, म्हनून दिसलं नाही.

लीला : ताई... तो तर त्याच ग्रंथालयात बसतो.

विमल : हौ.

लीला : जुलैत मी गेले तर पहिल्याच दिवशी कार्ड मागायला त्याच्यासमोरच उभी राहीन.

विमल : म्हनून तं.

लीला : म्हणजे मी जायचंच नाही? हे सगळं तुला आधीपासून ठाऊक होतं?

विमल : सदाशिवरावले पोरगी एकच. ते सोमवारपासून गावंडेच्या चुलीपाशी बसली असन. मंग जुलैत तिथं जानारी तू कोन?

लीला : मी त्या बाकावर बसून पाहिलंय ग! माझी जागासुद्धा ठरवून आले मी. रात्रभर झोप नाही आली आनंदानं. तू शेजारीच होतीस, सगळं ऐकत होतीस, अन् हूं हूं म्हणत होतीस!

विमल : काय म्हनू मंग? इतके वर्सं तुही वेणी घातली, तुहे डबे भरले, मोटारीवर पोहोचवून देल्लं. तवाबी हूं हूंच म्हनत होती.

लीला : मी त्याला चिठ्ठी टाकीन. आजच्या आज.

विमल : टाक. पोष्टकार्ड मी आनून देते. लिही, तुमी पाह्यली ते मी, मले शिकाचं हाये. माही बहीन कानी हाये, तिले नेऊ नका. अन् खाली सही कर, नावापुढं बी.ए. लिहून.

लीला : असं नको बोलू.

विमल : कसं बोलू? तूच सांग. तू शिकली हाये.

सदाशिवराव : विमल! ए विमल! आटप, आटप. फाट्यावरून बैलाची दमनी निघाली म्हने. नागपूरचे पाव्हने हायेत.

विमल : आज? ते तं सोमवारी येनार होते ना, बाबा?

सदाशिवराव : पोराची मावशी आली म्हने गावाहून. तिले पोरगी पाहाची हाये. मायबी हाये, तोबी हाये. तू कोठीत जाय, मी भाईरून कडी लावतो. लीले, ते हिरवं लुगडं नेस अन् च्या घेऊन ओसरीत ये.

लीला : मी येणार नाही.

सदाशिवराव : सांगतलं वाटते हिनं.

लीला : सगळं सांगितलं. बाबा, तुम्ही मला विद्यापीठ दाखवतो म्हणाला होतात.

सदाशिवराव : मंग दाखवलं नाही? पुस्तकं दाखवली, बाकावर बसवलं. का डोळे मिटून बसली होती?

लीला : अर्जावर सही करतो म्हणाला होतात. मोटारीत म्हणालात, आज सकाळीही म्हणालात.

सदाशिवराव : कुठाय अर्ज?

लीला : बाबा, आता...

सदाशिवराव : आन ना! आन इकडे. दौत-टाक दे. हे घे. केली सही. वाचून पाहा, बरोबर हाये ना? झाली जिद पुरी? आता उठ.

लीला : हा अर्ज नागपूरचा आहे, बाबा. तिथं मी आता तोंड दाखवू शकत नाही. ह्या सहीचं मी काय करू?

सदाशिवराव : सही मागत होती, सही देल्ली. मी बोलाचा पक्का मानूस हाये.

लीला : मग मला दुसरीकडे पाठवा. जबलपूरला, पुण्याला, कुठंही. तिथं मला कोण ओळखतं?

सदाशिवराव : लगन होऊ दे, मंग पाहू. सोमवारच्या आधी तुले पांढरकवड्याले सोडतो तुह्या मावशीकडं. दिवाळीपावतर तिकडंच राह्य. कोनी इचारलं तं शेजारच्या घरची पोरगी हाये म्हनून सांगन ते.

लीला : दिवाळीपर्यंत सगळीकडचे प्रवेश संपतात.

सदाशिवराव : तं पुढल्या साली.

लीला : पुढल्या साली तरी पाठवाल? माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा.

सदाशिवराव : तिकडं च्या उतू जाऊन राह्यला.

लीला : बाबा, मी ओसरीत येऊन सगळं खरं सांगेन. त्यांच्या तोंडावर.

सदाशिवराव : सांग. मी तुहं तोंड धरून थोडीच राह्यलो? सांगजो, कोठीत माही बहीन हाये, माह्या बापानं तिले जित्तेपनी मारलं. दमनी आल्या पावली वापस जाईन. मंग खुशाल जाय नागपूरले, मी सोता मोटारीत बसवून देतो. पन जाच्या आधी एक सांगून जाय. मी साठीचा झालो. मी गेल्यावर हिले कोन?

लीला : मी सांभाळीन तिला.

विमल : मले इचारलं का कोनी? मले हिची भाकर नाही खाची.

सदाशिवराव : ऐकलं? ते पाहा, घुंगरं वाजले. विमल, चाल आत. मी फाटकाशी जातो. लीले, डोक्शावर पदर घे.

लीला : ताई. कोठीच्या दाराशीच आहेस?

विमल : हाये. इथं दुसरीकडं बसाले जागा कुठं हाये?

लीला : अंधार आहे का ग आत?

विमल : तुले आजच सुचलं इचाराले?

लीला : मी जाऊन खरं सांगितलं तर मला माफ करशील?

विमल : नाही.

लीला : अन् नाही सांगितलं तर?

विमल : तवाबी नाही.

लीला : मग मी कशासाठी जाऊ?

विमल : जाऊ नको.

लीला : तू एकदा तरी म्हण ना. माझ्यासाठी जा, म्हण. एवढंच म्हण. मी जाईन.

विमल : नाही म्हनत. मंग तू जनमभर सांगशीन, ताईसाठी केलं म्हनून.

सदाशिवराव : लीला! अवो बेटा, पाव्हने बसले हायेत! च्या आन!

लीला : येते, बाबा.

विमल : किती जन हायेत?

लीला : तीन. बाबा अन् गाडीवान धरून पाच.

विमल : दांडा तुटलेला कप गाडीवानाले दे. त्याले देऊ नको.

लीला : नाही देत.

विमल : लुगडं नेसली?

लीला : नेसले.

विमल : लीले.

लीला : बोल लवकर. च्या गार होतो आहे.

विमल : त्याच्याकडं पाहून लय हासू नको. मले मंग जनमभर तसंच हासावं लागन.